चेक वटल्यानंतर

आमच्या कॉलेजाच्या फाउंडेशनच्या कचेरीत दोन प्रकारची माणसं आहेत. काहीजण देणगी मागतात. देणगी हातात पडली की पुढचं सगळं माझ्या टेबलावर येतं: पावती, आभाराचं पत्र, कराराची फाइल, पैसे ठरल्या कामी लागले की नाही ते बघणं आणि वर्ष सरलं की देणाऱ्याला हिशेब कळवणं. माझ्या हुद्द्याचं नाव 'डोनर स्टुअर्डशिप'. साताऱ्याला फोन केला की आत्या विचारते, "म्हणजे तू वर्गणी गोळा करतेस का गं?" मी सांगते, "नाही आत्या, गणपती उठल्यावर वर्गणी दिलेल्यांच्या दारात परत जाते."

आमचं कॉलेज इलिनॉय राज्यात, शिकागोची उपनगरं संपून मक्याची शेतं लागतात त्या पट्ट्यात आहे. ते कम्युनिटी कॉलेज आहे, म्हणजे जिथं कुणालाही प्रवेश मिळतो ते. शाळा संपवून थेट आलेली मुलं इथं असतात, दिवसभर गोदामात राबून संध्याकाळी वेल्डिंग शिकणारे बाप असतात, लेकरं शाळेत जायला लागल्यावर नर्सिंगला आलेल्या बायका असतात आणि मेक्सिकोपासून तेलंगणापर्यंत कुठून कुठून आलेले, इंग्रजी शिकणारे आजी-आजोबाही असतात. दोन वर्षांची पदवी घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं, नाहीतर एखादं प्रमाणपत्र मिळवून सरळ नोकरी धरता येते.

या प्रकारचं पहिलं सार्वजनिक कॉलेज इलिनॉयमध्येच, जोलिएट गावात १९०१ साली निघालं. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटचे शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ती कल्पना. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते सहा. आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत आणि पदवीपूर्व शिक्षण घेणाऱ्या दर दहांपैकी जवळजवळ चारजण तिथं शिकतात. वर्षाची फी सरासरी ४,००० डॉलरच्या आसपास. नामवंत खासगी विद्यापीठात एवढ्या पैशांत एका महिन्याची फीसुद्धा भागत नाही.

शिकवलं आम्ही, नाव विद्यापीठाचं

अमेरिकेत शिक्षणसंस्थांना देणग्या भरपूर मिळतात, पण त्यातलं कम्युनिटी कॉलेजांच्या पदरात फार थोडं पडतं. पहिलं कारण सरळ आहे. इथून विद्यापीठात गेलेला माणूस पुढं स्वतःला विद्यापीठाचा माजी विद्यार्थी म्हणवतो. गाडीच्या काचेवर स्टिकर त्या विद्यापीठाचं, टी-शर्ट त्याच्या फुटबॉल संघाचा आणि चेकही तिकडंच. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक काही काळ कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात शिकले, हे सिलिकॉन व्हॅलीत राहणाऱ्या कित्येकांच्या गावी नसतं. नट टॉम हँक्स याला अपवाद. तो हेवर्डच्या शॅबो कॉलेजात शिकला आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून त्या कॉलेजाचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं. तो लेख आमच्या क्षेत्रातल्या माणसांनी एकमेकांना इतका पाठवला की कुणाला तो माहीत नाही असं होत नाही.

दुसरं कारण आमच्याच कपाटात आहे. विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांची नावं-पत्ते शंभर वर्षांपासून जपत आली. आमच्याकडं विद्यार्थी एक सत्र शिकतो, नोकरी बदलते म्हणून जातो, तीन वर्षांनी परत येतो. मधल्या काळात घर बदललेलं, फोन बदललेला. त्यातला माजी कुणाला म्हणायचं आणि पत्र कुठं पाठवायचं?

तिसरं कारण लोकांच्या मनात. "तुम्हाला तर आमच्या घरपट्टीतून पैसे मिळतात," असं मला किराणा दुकानाच्या रांगेतसुद्धा ऐकवलेलं आहे. खरंच मिळतात. इलिनॉयमध्ये कम्युनिटी कॉलेजांचे जिल्हे आहेत आणि मालमत्ताकराचा वाटा त्यांना जातो. पण तो पैसा इमारत, पगार, वीज यांत संपतो. विद्यार्थ्याच्या अडीनडीला द्यायला त्यात काही उरत नाही. म्हणून कॉलेजाशेजारी एक वेगळी, करमुक्त धर्मादाय संस्था असते. तिला फाउंडेशन म्हणतात. देणगी घेते ती, गुंतवते ती आणि तिच्या विश्वस्त मंडळावर गावातलेच लोक बसतात: बँकेचा मॅनेजर, दंतवैद्य, बियाण्यांचा व्यापारी, निवृत्त मुख्याध्यापिका.

देणारेही तसेच. वेल्डर मिळत नाहीत म्हणून वेल्डिंगच्या वर्गाला यंत्र देणारा कारखानदार, नर्सेस हव्यात म्हणून शिष्यवृत्ती देणारं हॉस्पिटल, नवऱ्याच्या नावानं निधी ठेवणारी विधवा, रोटरी क्लब आणि पगारातून दरमहा पाच-दहा डॉलर कापून देणारे आमचेच शिक्षक आणि सफाई कर्मचारी. यांच्यातले बहुतेक आमच्या कॉलेजात कधी शिकलेलेच नाहीत.

आकाशातून पडल्यासारखे पैसे मिळाल्याचं एक उदाहरण मात्र सांगायला हवं. दानशूर अब्जाधीश मॅकेंझी स्कॉट यांनी २०२० आणि २०२१ मध्ये ज्या संस्थांना मोठ्या रकमा दिल्या, त्यांत कम्युनिटी कॉलेजंही बरीच होती. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना सिटी कॉलेज आणि लाँग बीच सिटी कॉलेजला प्रत्येकी ३ कोटी डॉलर, टेक्सासमधल्या अमरिलो कॉलेजला दीड कोटी. वापरावर कुठली अट नाही. आमच्या क्षेत्रानं त्या रकमांपेक्षा त्या 'अट नाही'चीच जास्त चर्चा केली. कारण पुढं येईलच.

पावती आणि त्यापुढचं

कायद्याचं काम लवकर सांगून टाकते. २५० डॉलर किंवा जास्त दिले तर देणाऱ्याला करसवलतीसाठी संस्थेचं लेखी पत्र लागतं आणि देणगीच्या बदल्यात काही वस्तू वा सेवा मिळाली की नाही, हे त्यात स्पष्ट लिहावं लागतं. देणगीभोजनाचं ७५ डॉलरच्या वरचं तिकीट विकलं, तर त्यातलं जेवण किती डॉलरचं होतं तेही कळवावं लागतं, कारण सवलत उरलेल्या रकमेवरच. डिसेंबरात माझ्या टेबलावर पाकिटांचा ढीग लागतो, कारण ३१ तारखेला करवर्ष संपतं. त्याआधी, नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, 'गिव्हिंग ट्यूजडे' येतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी दान करायची ही प्रथा २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि आता सगळीकडं पसरली आहे.

या व्यवसायाचे स्वतःचेही नियम आहेत. देणगी गोळा करणाऱ्यानं रकमेवर टक्केवारी घ्यायची नाही, हा त्यातला मला सर्वांत आवडणारा. इथल्या व्यावसायिक संघटनांनी मिळून दात्याच्या हक्कांची एक दहा कलमी सनद केली आहे. पैसे दिले त्याच कामाला वापरले जातील याची खात्री, संस्थेचे जमाखर्च पाहायचा अधिकार, प्रश्न विचारला तर खरं उत्तर मिळण्याचा अधिकार, अशी ती कलमं. भिंतीवर लावायला सोपी आहेत. रोज पाळायला माणूस लागतो.

माणूस का लागतो, तर दाते टिकत नाहीत म्हणून. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांची सरासरी काढली तर एका वर्षी देणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोक पुढच्या वर्षी त्याच संस्थेला पुन्हा देतात. पहिल्यांदाच देणाऱ्यांत तर हे प्रमाण आणखी बरंच खाली जातं. नवा दाता शोधायला पत्रकं, फोन, कार्यक्रम असा खर्च येतो. जुन्याला टिकवायला एक नीट लिहिलेलं पत्र पुरतं, पण ते दरवर्षी जावं लागतं, आणि त्यात लिहायला काहीतरी खरं असावं लागतं.

अकरा रुपयांचं बक्षीस

साताऱ्यातल्या माझ्या शाळेत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला कुणा कैलासवासी गृहस्थांच्या स्मरणार्थ अकरा रुपये मिळायचे. त्यांच्या घरच्यांनी फार पूर्वी शाळेकडं ठेव ठेवली होती, तिच्या व्याजातून. ठेव ठेवली तेव्हा अकरा रुपयांत वर्षाची पुस्तकं येत असतील. माझ्या वेळी चांगली कंपासपेटीही येत नव्हती.

इथल्या 'एंडाउमेंट'मागची कल्पना तीच, फक्त महागाईची आठवण ठेवून राबवलेली. मुद्दल शेअर-रोख्यांत गुंतवायचं, निधीच्या मूल्याच्या साधारण चार-पाच टक्केच रक्कम दरवर्षी खर्चायची आणि वरची वाढ मुद्दलातच मुरू द्यायची, म्हणजे पन्नास वर्षांनीही त्या शिष्यवृत्तीचं मोल राहील. हे कसं करावं याचा एक नमुना कायदा २००६ साली तयार झाला आणि जवळपास सगळ्या राज्यांनी तो स्वीकारला. बाजार पडला आणि निधी मूळ रकमेच्या खाली गेला, तर खर्चाला हात किती आखडता घ्यायचा, हे विश्वस्तांनी त्यातूनच ठरवायचं असतं.

यातलं गणित दात्याला आधी सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. २५,००० डॉलरचा कायम निधी चार टक्क्यांनी वर्षाला १,००० डॉलर देतो. ऐकून बऱ्याचजणांचा चेहरा पडतो. मग मी दुसरा रस्ता दाखवते: तेच २५,००० पाच वर्षांत वाटून टाकायचे, दरवर्षी ५,००० प्रमाणे. नाव कायमचं राहणार नाही, पण निदान पाच तुकड्या बाहेर पडतील. कुणाला नाव हवं असतं, कुणाला तुकड्या. दोन्ही इच्छा प्रामाणिक आहेत. कोणती कशानं पुरी होईल, हे चेक लिहिण्यापूर्वी कळलं पाहिजे.

करारातल्या अटींचं दुखणं याहून मोठं. एका कुटुंबानं वडिलांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली. विद्यार्थी आपल्याच टाउनशिपमधला, शेतकऱ्याच्या घरचा, वेल्डिंगचा, पूर्ण वेळ शिकणारा आणि चारपैकी साडेतीन गुण असलेला हवा. वडील तसेच होते म्हणून. पण आमच्या वेल्डिंगच्या वर्गातले जवळपास सगळेच दिवसा नोकरी करतात, त्यामुळं पूर्ण वेळ कुणीच नसतो. निधी वाढत राहिला, शिष्यवृत्ती कुणालाच मिळेना. असे कोरडे पडलेले निधी प्रत्येक कॉलेजात सापडतात. अट बदलायला देणाऱ्याची लेखी संमती लागते. तो हयात नसेल तर बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागते. हा निधी देणाऱ्या कुटुंबातली मुलगी सुदैवानं गावातच राहत होती. मी तिला कागद घेऊन भेटायला गेले, तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, "बाबा दिवसा काम करत असते, तर त्यांनाही ही शिष्यवृत्ती मिळाली नसती का?" 'पूर्ण वेळ' हे शब्द तिनं तिथल्या तिथं खोडून सही केली.

टायर, चष्मा, पाळणाघर

आता अट नसलेल्या पैशांकडं, म्हणजे ते कशाला लागतात त्याकडं येते. केंद्र सरकारच्या पेल ग्रँटची कमाल रक्कम सध्या वर्षाला ७,३९५ डॉलर आहे. गरीब घरच्या, पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याची आमची फी त्यात भागते आणि पुस्तकांनाही थोडं उरतं. मग तो कॉलेज का सोडतो? जानेवारीत शून्याखाली वीस अंशांत गाडीची बॅटरी मरते म्हणून. आमच्याकडं बस नाही. बॅटरीला पैसे नाहीत म्हणून आठवडाभर वर्ग बुडतो, दुसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिकल बुडतं, आणि तिसऱ्या आठवड्यात तो येतच नाही.

देशभरच्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याची पाहणी करण्यात समाजशास्त्रज्ञ सारा गोल्ड्रिक-रॅब यांनी पुढाकार घेतला. त्यांच्या पाहण्यांतून वारंवार दिसलं की दोन वर्षांच्या कॉलेजातल्या उत्तर देणाऱ्यांपैकी दहात चारच्या आसपास मुलांना पुरेसं खायला मिळण्याची खात्री नसते. अमरिलो कॉलेजनं हे ओळखून मदतीचं केंद्रच उभं केलं. तिथं शिधा मिळतो, वीजबिलाला किंवा गाडीच्या दुरुस्तीला थोडी रक्कम चटकन मिळते. आमच्याकडंही असा तातडीचा निधी आहे. त्यातून टायर गेले आहेत, चष्मा, पाळणाघराची थकलेली फी, नर्सिंगचा गणवेश आणि बूट गेले आहेत. रक्कम क्वचितच पाचशे डॉलरच्या वर जाते. ती दोन दिवसांत मिळाली तर उपयोग, महिन्यानं मिळाली तर नाही.

मात्र दात्यांपुढं हा निधी मांडणं अवघड. 'अमुक यांच्या स्मरणार्थ कार बॅटरी' अशी पाटी कुणी लावून घेत नाही.

आभार कुणी मानायचे

लेथचा कारखाना विकून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी या निधीला चांगली रक्कम दिली. वर्षभरानं ते माझ्यासमोर येऊन बसले.

"ती मुलं मला भेटव. माझे पैसे कुणाला गेले, ते मला बघायचंय."

"नावं मी सांगू शकत नाही," मी म्हटलं. "कायदा आहे." विद्यार्थ्यांच्या खासगी माहितीला १९७४ पासून केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. त्यांच्या संमतीशिवाय कुणाला किती गुण पडले, कुणाला मदत मिळाली, हे बाहेर सांगता येत नाही.

"मग मला कळणार कसं?"

"मीच सांगते. काय काय घेतलं ते, आणि त्यातले कितीजण पुढच्या सत्राला परत आले ते."

ते थोडं थांबून म्हणाले, "परत आले किती, तेच सांग. टायरचं मला काय करायचंय?"

त्या दिवसापासून माझ्या वार्षिक पत्राचा पहिला आकडा तोच असतो. सगळे परत आले असं कधी होत नाही आणि तसं मी लिहीतही नाही. जे गेले, ते का गेले हे कळलं असेल तर तेही लिहिते: एकाला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, एकीची आई आजारी पडली. खोटं गोड पत्र एकदा चालतं. दुसऱ्या वर्षी वाचणाऱ्याला त्याची चव कळते.

दरवर्षी एप्रिलमध्ये दाते आणि शिष्यवृत्तीधारक यांचं एकत्र जेवण असतं. पूर्वी ते दुपारी बाराला ठेवायचे, कारण बहुतेक दाते निवृत्त. पण ज्यांना मदत मिळाली ती मुलं त्या वेळी कामावर. नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीला मी भाषणासाठी विचारलं. तिची रात्रपाळी असायची, घरी दोन लेकरं. ती म्हणाली, "येईन दिदी, पण मला माझी गरिबी सांगायला लावू नका. मी काय शिकले, ते सांगते." ती मूळची नेपाळची, म्हणून 'दिदी'. तिनं पाच मिनिटं नवजात बाळाची नाडी कशी मोजतात ते सांगितलं, आणि लोक जेवायचे थांबून ऐकत बसले. आता जेवण संध्याकाळी असतं आणि बोलणाऱ्यांना मी तिचंच वाक्य सांगते. आभार मानायचं काम संस्थेचं, कारण पैसे संस्थेनं मागितले. मुलानं स्वतःच्या हौसेनं चार ओळी लिहिल्या तर मी त्या आनंदानं पोचवते, पण त्या लिहिणं ही शिष्यवृत्तीची अट करत नाही.

मूठभर धान्य आणि लांबचा दाता

शिकागोच्या नेपरव्हिल, शाँबर्ग या उपनगरांत मराठी घरं भरपूर आहेत. त्यांची मुलं उन्हाळ्यात स्वस्तात कॅल्क्युलस उरकायला कम्युनिटी कॉलेजात येतात, ग्रीन कार्डवर आलेले सासू-सासरे इंग्रजीच्या वर्गाला येतात. देणगीचा विषय निघाला की मात्र पैसे गावच्या शाळेला, वाचनालयाला, नाहीतर महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेला जातात. त्यात मला गैर काही वाटत नाही. मीही पाठवते. मी फक्त एवढंच सांगते की बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर स्वतःच्या खिशातून घालतात, तो अर्ज भरायला विसरू नका.

देण्याची रीत आपल्याकडं जुनी आहे आणि तिचे प्रकारही बरेच. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १,२०० रुपये दिले आणि १८८५ साली निघालेल्या कॉलेजाला त्यांचं नाव मिळालं. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं. आमच्या साताऱ्याकडची गोष्ट निराळी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी, मुष्टिफंड म्हणून, घराघरांतल्या बायका मूठभर धान्य बाजूला काढू लागल्या. त्या धान्यावर नावाची पाटी लागत नव्हती, छापील अहवाल मागावा असंही त्या बायकांच्या मनात येत नसेल. गरजच नव्हती. वसतिगृहातली पोरं त्याच गावांतून हिंडत होती, दिसत होती, मोठी होत होती. हिशेब डोळ्यांसमोर होता.

आज देणारा शिकागोत आणि शाळा साताऱ्यात असते. किंवा देणारा आमच्या कॉलेजाच्या अलीकडच्या रस्त्यावर राहतो आणि ज्याच्या गाडीला टायर घातला त्याला कधीच ओळखत नाही. मुष्टिफंडात आपोआप होणारा हिशेब आता कुणीतरी मुद्दाम पोचवावा लागतो. आम्ही वर्गमैत्रिणींनी काही वर्षांपूर्वी एका शाळेला संगणकांसाठी पैसे पाठवले. व्हॉट्सॲपवर नारळ फोडल्याचा फोटो आला, पाटीचा फोटो आला. त्यानंतर आजतागायत काही नाही. संगणक चालतात का, मुलं त्यावर बसतात का, आम्हाला ठाऊक नाही. शाळेनं पैसे खाल्ले असं मला मुळीच वाटत नाही. कळवायचं काम तिथं कुणाच्याच वाट्याला दिलेलं नाही, एवढंच.

आणि कुणाच्या वाट्याला द्यायचं म्हटलं की पगाराचा प्रश्न येतो. माझा अर्धा पगार कॉलेज देतं, अर्धा फाउंडेशनच्या अट नसलेल्या पैशांतून येतो. "माझा प्रत्येक डॉलर विद्यार्थ्यालाच गेला पाहिजे," असं बजावणारे दाते मला नेहमी भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण तो डॉलर विद्यार्थ्याला गेला की नाही, हे त्यांना सांगायला जी बाई बसली आहे, तिचा पगार त्या डॉलरात धरलेला नसतो. स्कॉट यांनी अट न घालता पैसे दिल्याचं आम्हाला अप्रूप वाटलं ते यासाठी. संस्थेला कशाची उणीव आहे, ते ठरवायचं त्यांनी संस्थेवर सोडलं.

म्हणून गावच्या शाळेला पैसे पाठवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. वर्ष उलटलं की मुख्याध्यापकांना पत्र टाका आणि गेल्या वेळच्या पैशांचं काय झालं ते सरळ विचारा. उत्तर आलं तर पुन्हा द्या. आणि उत्तर लिहायला आमच्याकडं माणूसच नाही असं कळलं, तर पुढची देणगी संगणकाला देऊ नका, त्या माणसाच्या पगाराला द्या.